पहिल्या घोटावर मार्क देऊ नका

मागच्या अंकात मी ऑस्ट्रेलियातल्या भरदार रेड वाइनबद्दल लिहिलं होतं, बरोसाची शिराझ, कूनावाराची कॅबर्ने वगैरे (बरोसा, कूनावारा हे दक्षिण ऑस्ट्रेलियातले द्राक्षांचे भाग, शिराझ आणि कॅबर्ने ही काळी द्राक्षं आणि त्यांच्या वाइनही), आणि शेवटी सहज म्हटलं होतं की काही शंका असतील तर कळवा. तर कळवल्यात, भरपूर कळवल्यात. सगळ्यांना उत्तरं देणं जमणार नाही, पण जे प्रश्न पाच-सहा जणांनी फिरवून फिरवून तेच विचारलेत ते आधी घेते. आणि हो, मी कुणी डिग्रीवाली तज्ज्ञ नाहीये, ॲडलेडला काही वर्षं राहिले, द्राक्षमळे पालथे घातले, पैसे घालवले आणि चुका केल्या, एवढंच क्वालिफिकेशन.

ताई, ९५ पॉइंट्सचा स्टिकर असलेली ऑस्ट्रेलियन शिराझ आणली. पहिला घोट एकदम भारी, पण अर्ध्या ग्लासानंतर कफ सिरप पितोय असं वाटायला लागलं आणि बाटली तशीच उरली. आमची जीभ कच्ची की पॉइंट्स खोटे? (ठाण्याहून एक वाचक)

दोन्ही नाही. जीभ तुमची शाबूत आहे, आणि पॉइंट्सही बहुतेक खरेच असतील, फक्त ते कसे देतात हे माहीत नसलं की असा घोळ होतो.

ऑस्ट्रेलियात वाइनच्या स्पर्धांची जुनी पद्धत २० मार्कांची, ३ रंगाला, ७ वासाला आणि १० चवीला. १५.५ मिळाले की ब्राँझ, १७ ला सिल्व्हर, १८.५ ला गोल्ड. आता बऱ्याच ठिकाणी १०० चा हिशोब आलाय, तिथे ८५, ९० आणि ९५ अशा पायऱ्या आहेत, म्हणजे तुमच्या बाटलीवरचे ९५ हे गोल्डच्या उंबरठ्यावरचे. आणि १०० पैकी म्हटलं तरी तो शाळेतला १०० नाही बरं का. अमेरिकेतल्या रॉबर्ट पार्कर या वाइन समीक्षकानी जी १०० ची पद्धत लोकप्रिय केली ती मुळात सुरूच ५० पासून होते, नुसतं हजेरी लावली की ५० खिशात! त्यामुळे ८२ हा आकडा आपल्याला फर्स्ट क्लास वाटतो पण वाइनच्या दुकानात त्याला कुणी विचारत नाही.

आता मुख्य गोष्ट. परीक्षक एका दिवसात शंभरेक वाइन चाखतात, पितात नाही हं, चाखतात आणि थुंकतात, एकेका ग्लासाला फार वेळ मिळत नाही, आणि अशा रांगेत कोण उठून दिसणार? भजनात एखादा टाळकरी जरा जास्तच जोरात टाळ हाणत असतो ना, लक्ष त्याच्याकडेच जातं, तसं. भरपूर पिकलेलं फळ, भरपूर ओक (म्हणजे वाइन मुरवायच्या पिंपाच्या लाकडाची चव), १५ टक्के अल्कोहोल, असली वाइन पहिल्या घोटाला सगळ्यांना गप्प करते. पण तुम्ही ती घोटभर पिऊन थुंकणार नव्हतात, जेवणाबरोबर चौघात दीड-दोन तास पिणार होतात, आणि त्या परीक्षेला ती कधी बसलेलीच नव्हती.

यात मीही तोंडावर आपटलेय. घरी सहा जण जमलो होतो, सहा बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून वर मार्करनी आकडे टाकले, म्हणजे कुणाला नाव दिसायला नको. तीन नंबरची एक ॲडलेडजवळच्या मॅक्लारेन व्हेलची शिराझ होती, तिला मी पहिल्या घोटालाच १८.५ ठोकले, वर मोठ्या रुबाबात सगळ्यांना समजावूनही सांगितलं की ही कशी गोल्ड आहे ते. पाच नंबरची कूनावाराची कॅबर्ने, तिला १६.५, म्हटलं जरा किडकिडीत आहे. जेवणं झाली, कागद काढायची वेळ आली तेव्हा पाच नंबर ठणठणीत रिकामी आणि माझी गोल्डवाली तीन नंबर निम्म्याहून जास्त शिल्लक. एक मैत्रीण म्हणाली, तुझ्या गोल्डचं आता काय करू, केकमध्ये घालू का? तेव्हापासून मी मार्क तीनदा देते, उघडल्यावर, अर्ध्या तासानं आणि जेवता जेवता, आणि तिसरा आकडाच वहीत शाईनं लिहिते, आधीचे दोन पेन्सिलीत.

तीनदा चाखताना बघायचं काय, तर समतोल. फळ, आंबटपणा, तुरटपणा, अल्कोहोलची ऊब, यातलं एकच कुणीतरी सारखं बोलतंय का? गिळल्यावर घशात चटका बसला तर अल्कोहोल सुटलंय. तोंडाला मिठी बसली तर फळ प्रमाणाबाहेर पिकलंय आणि आंबटपणा कमी पडलाय, तुमचं कफ सिरप बहुधा हेच. आणि गिळल्यावर चव किती वेळ रेंगाळते ते मनात आकडे म्हणत मोजा, चांगली असेल तर दहा-बारापर्यंत आरामात जाते. भरदार असणं हा गुन्हा नाहीये, बरोसातल्या उत्तम वाइन भरदारच असतात, पण त्या पैलवानासारख्या हलक्या पावलानं चालतात. नुसतं वजन वाढलेला माणूस वेगळा.

टेस्टिंग नोट्समध्ये ब्लॅकबेरी, मलबेरी, सीडर, लिकरिश असलं काय काय असतं. यातलं निम्मं मी खाल्लेलंच नाही. मग मी काय लिहू? (नागपूर)

जे खाल्लंय ते लिहा! करवंद लिहा, जांभूळ लिहा. खरं सांगू, बरोसाच्या शिराझला "पिकलेली करवंदं, जांभळाची साल आणि शेवटी काळी मिरी" हे वर्णन ब्लॅकबेरीपेक्षा आपल्याला शंभर पट जास्त सांगून जातं, कारण ते वाचताना आपल्या तोंडाला खरंच पाणी सुटतं.

माझ्या वहीतले काही शब्द देते, हवे ते उचला. सुकं खोबरं आणि व्हॅनिला लागलं की बहुतेक अमेरिकन ओकच्या पिंपात ठेवलेली आहे, दक्षिण ऑस्ट्रेलियाची ही जुनी सवय. फ्रेंच ओक असेल तर तो जरा दबक्या आवाजात बोलतो, लवंग-दालचिनीच्या अंगानं. कोऱ्या कोल्हापुरी चपलेचा वास, म्हणजे लेदर, हा थोड्या मुरलेल्या शिराझमध्ये येतो. काळ्या मनुका आणि खजूर आले की द्राक्षं उन्हात जरा जास्तच पिकलीत समजा. कोकमाचा आंबटपणा मला थंड भागातल्या वाइनमध्ये सापडतो.

आणि एक वास असा आहे की त्यात आपण गोऱ्यांच्या बरोबरीनं तरबेज आहोत, निलगिरी. सर्दी झाली की रुमालावर थेंब टाकायचो ना, तोच. कूनावाराच्या कॅबर्नेत हा पुदिना-निलगिरीचा वास बऱ्याचदा येतो. मला आधी वाटायचं की हे सगळं कविकल्पना आहे, पण ऑस्ट्रेलियन वाइन रिसर्च इन्स्टिट्यूटनी तपासून दाखवलंय की मळ्याच्या कडेला निलगिरीची झाडं असली की त्यांचं तेल हवेतून द्राक्षांच्या सालीवर बसतं, तोडणीत एखाद-दुसरं पान घडांबरोबर आत गेलं तर आणखीनच, आणि झाडांपासून जितकं लांब जावं तितका वास कमी. थोडा असला तर छान वाटतो, जास्त झाला तर व्हिक्सची डबी उघडल्यासारखं होतं, मी तिथे सरळ एक मार्क कापते.

नवऱ्याला प्रत्येक शिराझमध्ये काळी मिरी लागते, मला एकदाही नाही. तो म्हणतो तुला कळत नाही. (मेलबर्नहून एक वाचक, मूळच्या साताऱ्याच्या)

त्याला हे पान वाचायला द्या. शिराझमधल्या मिरीच्या वासाचं कारण म्हणजे रोटुंडोन नावाचं एक द्रव्य, खऱ्या काळ्या मिरीतही तेच असतं, आणि २००८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्याच संशोधकांनी ते शोधून काढलं. तेव्हाच्या चाचणीत असं दिसलं की साधारण पाचातल्या एका माणसाला ते वासाला अजिबात येत नाही, कितीही घाला. म्हणजे तुमचं नाक त्या एका बाबतीत सुट्टीवर आहे, बाकी ठणठणीत. तुम्ही मेलबर्नलाच आहात तर व्हिक्टोरियातल्याच ग्रॅम्पियन्सची शिराझ आणून बघा, थंड भाग आहे, तिथे मिरी खूप जास्त असते. त्यातही काहीच लागली नाही तर विषय कायमचा संपला, आणि तुमचे मार्क तुम्ही मिरीशिवाय द्या, त्यात काही कमीपणा नाही.

शिराझ आणि सिरा एकच का? इराणच्या शिराझ शहराशी काय संबंध? (दादर)

द्राक्ष एकच. इराणशी काही संबंध नाही, १९९८ मध्ये डीएनए तपासणीत तिचे आई-बाप फ्रान्सच्या आग्नेय भागातले निघाले. ऑस्ट्रेलियात कुणी लेबलवर सिरा लिहिलं तर तो सहसा इशारा असतो की आमची वाइन जरा सडपातळ आहे, बरोसाछाप समजू नका.

रेड वाइन पिताना तोंड आवळून येतं. हा दोष आहे का? आणि रूम टेम्परेचरला प्यायची म्हणतात तशीच पितो. (पुणे)

आवळून येणं म्हणजे टॅनिन. द्राक्षाच्या सालीतून, बियांतून आणि पिंपाच्या लाकडातून येतं, लाळेतल्या प्रथिनांना जाऊन चिकटतं आणि तोंड कोरडं पडतं, सुपारी चघळल्यावर किंवा चहा फार उकळल्यावर होतं तसंच. दोष नाही, पण त्याचा पोत बघायचा. बारीक असेल तर मलमलीसारखा वाटतो, भरड असेल तर किंतानासारखा. कूनावाराच्या तरुण कॅबर्नेत तो कडक असतोच, पाच-सात वर्षांत मऊ होतो.

पण तुमचा खरा गुन्हा दुसऱ्या वाक्यात आहे. रूम टेम्परेचर ही कल्पना युरोपातल्या थंडगार दगडी घरांची, साधारण १६ ते १८ अंश. पुण्यात एप्रिलमध्ये रूम टेम्परेचर म्हणजे वाइनची पेज. अल्कोहोल नाकात घुसतं, फळ शिजल्यासारखं लागतं आणि मग आपण बिचाऱ्या वाइनचे मार्क कापतो. अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा, मग उघडा. ग्लास एक तृतीयांशच भरा, वास फिरायला जागा नको का. आणि गाडीच्या डिकीत बाटली विसरू नका, मी विसरले होते, चांगली महाग होती, जाऊ दे.

मी नाशिक जिल्ह्यात द्राक्षं करतो. आमची बाग पंधरा-वीस वर्षांत काढायला येते, मग बरोसात दीडशे वर्षांच्या वेली कशा टिकल्या? आणि जुन्या वेलीची वाइन खरंच चांगली असते का? (दिंडोरी)

दादा, तुमचा प्रश्न वाचून बरं वाटलं, एकतरी माणूस बाटलीच्या मागे गेला.

फिलॉक्सेरा नावाचा बारीक किडा मुळांवर बसतो आणि वेल मारतो. एकोणिसाव्या शतकात त्यानं युरोपचे मळे उजाड केले, म्हणून आज जगात बहुतेक ठिकाणी अमेरिकन खुंटावर कलम करतात, तुम्ही डॉगरिज खुंटावर करता तसंच. ऑस्ट्रेलियात तो १८७७ मध्ये व्हिक्टोरियात जिलाँगजवळ सापडला. पण शेजारच्या दक्षिण ऑस्ट्रेलियानं १८९९ मध्ये कायदाच केला, बाहेरून वेल, काडी, काही आणायचं नाही, आणि तो किडा तिथे आजवर पोचलेला नाही. मी काही मळ्यांवर गेले तेव्हा आत सोडायच्या आधी बूट धुवायला लावले, मला तेव्हा अतीच वाटलं होतं. तर त्यामुळे १८४० च्या दशकात तेव्हाच्या प्रशियातल्या सायलीशियातून आलेल्या लुथरन पंथाच्या जर्मन कुटुंबांनी लावलेल्या वेली स्वतःच्या मुळांवर अजून उभ्या आहेत, लँगमाइल वाइनरीची शिराझ १८४३ ची, टर्की फ्लॅट वाइनरीची १८४७ ची. झाडाच्या बुंध्यासारखी खोडं, आतून पोकळ, पिळलेली, आणि वर हातभर काड्या. २००९ पासून बरोसावाल्यांनी वेलींची वयानुसार यादीच केलीय, ३५ च्या पुढे जुनी, ७० च्या पुढे सर्व्हायव्हर, १०० च्या पुढे सेंटेनेरियन आणि १२५ च्या पुढे अँसेस्टर, म्हणजे थेट पूर्वज!

पण हेही ऐका, की १९८० च्या दशकात द्राक्षं जास्त झाली, भाव पडले, तेव्हा याच वेली उपटायला सरकारनं शेतकऱ्यांना पैसे दिले होते. बऱ्याच गेल्या. भाव पडला की काय काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको.

वाइन चांगली असते का? माल कमी येतो, घड लहान, रस दाट, मूळ खोल असल्यानं उन्हाळा कडक असला तरी वेल घाबरत नाही, आणि मला जुन्या वेलींच्या वाइनमध्ये गोडव्यामागे एक खारट-मातकट थर लागतो जो नव्या बागेत सहसा सापडत नाही. पण ओल्ड व्हाइन्स हे शब्द लेबलवर दिसले म्हणून मी मार्क वाढवत नाही, म्हातारी वेल असली तरी वाइन करणारा माणूस घाईतला असू शकतो.

पेनफोल्ड्सची ग्रेंज ही शिराझ एवढी महाग का? खरंच तेवढी चांगली आहे की नुसतं नाव? (बोरिवली)

मी ती आयुष्यात एकदा प्यायलेय, तीही दुसऱ्याच्या पैशानं आणि दोन बोटं, त्यामुळे माझ्या मार्कांना किंमत शून्य. पण गोष्ट सांगते, कारण मार्क देणाऱ्या प्रत्येकानं ती ऐकलीच पाहिजे.

पेनफोल्ड्स कंपनीचा वाइनमेकर मॅक्स शुबर्ट १९५० मध्ये युरोपला गेला, काम होतं शेरी आणि पोर्ट या वरून दारू घालून कडक केलेल्या वाइन बघायचं, पण वाटेत फ्रान्सच्या बोर्दोत त्यानं चाळीस-पन्नास वर्षं मुरलेल्या रेड चाखल्या आणि डोक्यात किडा घुसला की असं काहीतरी आपल्याकडे करायचं. कॅबर्ने पुरेशी नव्हती म्हणून शिराझ घेतली, फ्रेंच ओकऐवजी नवी अमेरिकन ओकची पिंपं, आणि १९५१ ला पहिली खेप ॲडलेडजवळ मॅगिलला प्रयोग म्हणून केली. काही वर्षांनी सिडनीत कंपनीच्या साहेबलोकांना आणि जाणकारांना चाखायला दिली तर सगळ्यांनी नाकं मुरडली. कुणी म्हणालं ही तर कोरडी पोर्ट, शहाणा माणूस विकत घेणार नाही, एकाला तर त्यात चिरडलेल्या मुंग्यांची चव लागली! १९५७ मध्ये वरून लेखी हुकूम आला, बंद करा. शुबर्टनं बंद केलीच नाही, ५७, ५८, ५९ तिन्ही वर्षं तळघरात गुपचूप करत राहिला, नवी पिंपं मागता येईनात म्हणून जुन्यांवर भागवलं. तोवर आधीच्या बाटल्या मुरल्या, परत चाखल्या गेल्या, आणि १९६० मध्ये त्याच साहेबांनी सांगितलं की करा सुरू. १९५५ च्या ग्रेंजला १९६२ मध्ये सिडनीच्या स्पर्धेत गोल्ड मिळालं आणि मग मिळतच गेलं. १९५१ ची बाटली आज लिलावात एक लाख ऑस्ट्रेलियन डॉलरच्या पुढे जाते, ती प्यायला कुणी घेत नाही, कपाटात ठेवायला घेतात.

म्हणजे बघा, वाइन तीच, बाटली तीच, माणसंही बरीचशी तीच, आणि मार्क आधी मुंग्या, मग गोल्ड. त्यांनी चार-पाच वर्षं लवकर चाखली, एवढंच.

किमतीत निम्मं नाव आहे, यात मला शंका नाही. शिराझची थोरवी कळायला ग्रेंजच पाहिजे असं नाही, खरं तर मला विचाराल तर बरोसाशेजारच्या ईडन व्हॅलीतली हेन्श्के वाइनरीची हिल ऑफ ग्रेस ही शिराझ जास्त देखणी, १८६० च्या आसपासच्या वेली, समोर छोटं लुथरन चर्च. पण तीही महागच, त्यामुळे आपलं दोघांचंही खिशात हात घालून बाहेरूनच दर्शन.

तांबड्या रश्श्याबरोबर बरोसाची शिराझ चालेल का? (कोल्हापूर, अर्थातच)

नाही चालणार, रागावू नका. तिखटावर १५ टक्के अल्कोहोल म्हणजे आगीत रॉकेल, आणि टॅनिन वर अजून ओरखडे काढणार. पांढऱ्या रश्श्याबरोबर जरा बरी जाईल, किंवा सुकं मटण मिरची हात राखून केलेलं, खोबरं-कांदा भाजून केलेल्या वाटणाला तर शिराझमधलं ते ओकचं खोबरं फार छान जुळतं. तांबडाच पाहिजे असेल तर ऑस्ट्रेलियाची एक गंमत शोधा, स्पार्कलिंग शिराझ, बुडबुडेवाली लाल, थंडगार प्यायची, किंचित गोडसर. व्हिक्टोरियात ग्रेट वेस्टर्नला ही जुन्या काळापासून करतात. पहिल्यांदा बघून लोक हसतात, मग ग्लास पुढे करतात.

भारताचा ऑस्ट्रेलियाशी व्यापार करार झाला म्हणे, मग वाइन स्वस्त का वाटत नाही? (नवी मुंबई)

करार २९ डिसेंबर २०२२ पासून लागू आहे. आयातीची किंमत बाटलीला ५ डॉलरच्या वर असेल तर ड्यूटी १५० वरून १०० टक्क्यांवर आली, १५ डॉलरच्या वर असेल तर ७५ वर, आणि ती दहा वर्षांत अनुक्रमे ५० आणि २५ टक्क्यांपर्यंत उतरायचीय. हे अमेरिकन डॉलर बरं का. ५ च्या खालच्यांना काहीच सूट नाही. वर राज्याचा कर, आयातदार, दुकानदार, सगळ्यांचे हात लागतात. फायदा झाला तर मधल्या-वरच्या बाटल्यांना, त्यामुळे स्वस्तातल्या दोन घेण्यापेक्षा जरा बरी एकच घ्या.

दोघंच आहोत, बाटली संपत नाही. उरलेली टाकून द्यावी का? (औरंगाबादहून एक आजोबा)

काका, टाकू नका हो! बहुतेक ऑस्ट्रेलियन बाटल्यांना फिरकीचं झाकण असतं, घट्ट लावा आणि फ्रीजमध्ये उभी ठेवा, भरदार शिराझ तीन-चार दिवस सहज टिकते, प्यायच्या आधी वीसेक मिनिटं बाहेर काढायची. तळाशी गाळ दिसला तर घाबरू नका, शेवटची दोन बोटं ग्लासात ओतू नका, झालं. आणि मार्कांची वही ठेवत असाल तर दुसऱ्या दिवसाचा आकडा वेगळ्या रकान्यात लिहा, माझ्या वहीत कितीतरी वाइन तिथे एका मार्कानं वर गेल्यात, आणि ती तीन नंबरची, गोल्डवाली, दुसऱ्या दिवशी १५ वर आली होती. केकमध्येच गेली शेवटी. केक बरा झाला.